ॲडमिन फोल्डरला कुलूप : शाळेच्या वेबसाइटवरची मुलांची माहिती कशी सांभाळावी?



आजचा पाठ मुलांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. विषय थोडा तांत्रिक वाटेल, पण घाबरू नका. मी स्वतः डी.एड. झालेली प्राथमिक शिक्षिका आहे, संगणक अभियंता नाही. जे काही शिकले ते चुकून शिकले. म्हणून आधी माझी चूक सांगते आणि मग पाठ सुरू करू.

एक फोन

काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची छोटीशी वेबसाइट मीच तयार केली होती. "तंत्रस्नेही शिक्षक" असा शिक्का एकदा बसला की अशी कामं आपल्याकडेच येतात, हे तुम्हाला माहीतच आहे. वेबसाइटला 'ॲडमिन' नावाचा भाग होता. तिथे नाव आणि पासवर्ड टाकला की सूचना, फोटो, निकाल चढवता यायचे. शिष्यवृत्तीची माहिती भरायचे दिवस होते. शाळेत नेट चालत नव्हतं, पेन ड्राइव्हमध्ये व्हायरस. म्हणून मी विद्यार्थ्यांची एक्सेल यादी त्याच ॲडमिन फोल्डरमध्ये ठेवली. रात्री घरून भरता येईल, एवढाच विचार. यादीत मुलाचं नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक, बँक खातं, पत्ता आणि आईचा मोबाइल नंबर असं सगळं होतं.

एका सकाळी परिपाठ सुरू असताना एका आईचा फोन आला.

"मॅडम, माह्या पोरीचं नाव, माहा नंबर, सगळं मोबाइलवर दिसून रायलं. काहून टाकलं तुमी?"

मी म्हटलं, "ताई, ते कोणालाच दिसत नाही. त्याला पासवर्ड आहे."

"मंग माह्या बहिणीले कसं दिसलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती बाई नवऱ्याच्या त्रासाला कंटाळून अकोला जिल्ह्यातलं सासर सोडून आमच्या गावात भावाकडे राहायला आली होती. नंबर बदलला होता. नवा नंबर तिनं मोजक्या चार माणसांना दिला होता आणि शाळेला. बहिणीनं सहज भाचीचं नाव गूगलवर टाकलं तर आमची यादी उघडली. जे बहिणीला सापडलं ते नवऱ्यालाही सापडू शकत होतं. पुढचे आठ दिवस ती मुलगी शाळेत आली नाही.

यादी मी पाच मिनिटांत काढून टाकली. पण "पासवर्ड आहे" असं मी एवढ्या खात्रीनं सांगितलं ते चूक कसं ठरलं, हे समजायला मला दोन महिने लागले. आजच्या पाठात तेच पाहायचं आहे.

फोल्डर म्हणजे नेमकं काय?

वेबसाइट म्हणजे कुठल्यातरी कंपनीच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, आपण भाड्यानं घेतलेली जागा. त्या जागेत 'पब्लिक एचटीएमएल' नावाचा एक मुख्य फोल्डर असतो. (हे सगळे शब्द पडद्यावर इंग्रजीत दिसतील.) नावातच 'पब्लिक' आहे. या फोल्डरमध्ये जे जे ठेवाल, त्याला आपोआप एक पत्ता मिळतो. तो पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की सर्व्हर ती फाइल उचलून देतो. मागणारा कोण, हे सर्व्हर विचारत नाही. विचार, असं आपण त्याला सांगावं लागतं.

शाळेच्या भाषेत सांगायचं तर हा फोल्डर म्हणजे व्हरांडा आहे. व्हरांड्यातल्या फलकावर सूचना लावतो तसे फोटो आणि निकाल तिथे ठेवतो. दाखलखारीज रजिस्टर मात्र कोणी व्हरांड्यात ठेवत नाही. ते मुख्याध्यापकांच्या कपाटात असतं. मी नेमकं ते रजिस्टर व्हरांड्यात ठेवलं होतं.

लॉगिनचं पान म्हणजे कुलूप नव्हे

मग माझ्या पासवर्डचं काय झालं? इथेच बहुतेकांची फसगत होते.

अमरावतीचा परकोट आपण सगळ्यांनी पाहिला आहे. निजामाच्या काळात, १८०७ च्या सुमारास, पेंढाऱ्यांपासून पेठेतल्या व्यापाऱ्यांना संरक्षण मिळावं म्हणून तो बांधायला घेतला. त्याला पाच मोठे दरवाजे होते आणि चार खिडक्या. खिडकी म्हणजे भिंतीतली लहान वाट. आता समजा, जवाहर गेटवर चांगला पहारा आहे, येणाऱ्या प्रत्येकाची चौकशी होते, पण खिडकीवर कोणीच नाही. मग गेटवरच्या पहाऱ्याचा काय उपयोग?

माझं लॉगिनचं पान हा गेटवरचा पहारेकरी होता. तो विचारायचा फक्त त्याच्यासमोरून जाणाऱ्याला. सूचना लिहिण्याचं पान, फोटो चढवण्याचं पान अशी प्रोग्रामची पानं उघडताना पासवर्ड तपासला जायचा. पण एक्सेलची यादी ही साधी फाइल. तिचा पूर्ण पत्ता थेट टाकला, तर मध्ये लॉगिनचं पान येतच नव्हतं. ॲडमिन फोल्डरमध्ये असूनही ती उघडीच होती.

गूगलला तो पत्ता कळला कसा? तोही माझ्यामुळेच. सहकाऱ्यांच्या सोयीसाठी मी एकदा सूचनांच्या पानावर "याद्या इथे पाहा" अशी त्या फोल्डरची लिंक दिली होती. चार दिवसांनी ती काढली. पण गूगलचा प्रोग्राम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर सतत फिरत असतो. त्या चार दिवसांत तो येऊन गेला होता.

तीन गैरसमज

१. "यादी दिसत नाही म्हणजे फाइल सुरक्षित आहे." फोल्डरमध्ये 'इंडेक्स' नावाचं पान नसेल, तर काही सर्व्हर आतल्या सगळ्या फाइलींची यादीच दाखवतात. वर "इंडेक्स ऑफ" असं लिहिलेलं असतं. ही यादी बंद करायलाच हवी. पण यादी बंद झाली तरी फाइलचा पत्ता ज्याला माहीत आहे त्याला ती मिळतेच. दाराला पडदा लावला, कुलूप नाही.

२. "फोल्डरचं नाव बदललं की झालं." 'ॲडमिन' ऐवजी दुसरं नाव दिलं तर थोडा फायदा होतो. पण हजारो नेहमीची नावं एकामागून एक टाकून पाहणारे प्रोग्राम असतात. 'ॲडमिन२', 'बॅकअप', 'जुनी', 'टेस्ट' ही नावं त्यांना पाठ आहेत.

३. "रोबोट्स फाइलमध्ये मनाई लिहिली आहे." गूगलसारख्या शोधयंत्रांनी कुठे जाऊ नये, हे सांगणारी एक छोटी फाइल वेबसाइटवर ठेवता येते. ही पद्धत १९९४ पासून चालत आली आहे. पण ती विनंती आहे, बंदी नाही. सभ्य शोधयंत्रं ऐकतात, बाकीचे ऐकत नाहीत. शिवाय ही फाइल कोणालाही वाचता येते. तिच्यात गुप्त फोल्डरचं नाव लिहिणं म्हणजे "तिजोरी या खोलीत आहे, कृपया जाऊ नये" अशी पाटी लावणं.

हे फक्त लहान शाळांचं होतं असं नाही

डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या वेबसाइटवरचे रुग्णांचे हजारो तपासणी अहवाल, पस्तीस हजारांहून अधिक, उघड्यावर असल्याचं समोर आलं. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियातल्या सुरक्षा अभ्यासकानं त्यावर लिहिलं होतं. त्या अहवालांमध्ये नावांसह एचआयव्ही तपासणीचे निकालही होते. कुलूप तोडायची गरजच पडली नाही. अहवाल उघड्या फोल्डरमध्ये होते आणि गूगललाही ते सापडत होते. आपला अहवाल जगाला दिसतोय, हे त्या रुग्णांना माहीतही नव्हतं.

त्यानंतर २०१७ मध्ये आधार प्राधिकरणानं माहितीच्या अधिकाराखालील उत्तरात सांगितलं, की केंद्र व राज्य सरकारच्या विभागांच्या सुमारे २१० वेबसाइटांवर लाभार्थ्यांची नावं, पत्ते आणि आधार क्रमांक लोकांना दिसत होते. त्यात शैक्षणिक संस्थाही होत्या. ते नंतर काढायला लावले. तिथेही कोणी चोरी केली नव्हती. कोणीतरी आपल्यासारख्याच कर्मचाऱ्यानं काम सोपं व्हावं म्हणून यादी चढवली असेल.

चला, प्रत्यक्ष कृती करू

खालील पायऱ्या 'सी-पॅनेल' असलेल्या होस्टिंगसाठी आहेत. आपल्याकडच्या अनेक छोट्या वेबसाइट त्यावरच चालतात. तुमच्याकडे दुसरं पॅनेल असेल तर नावं वेगळी असतील, तत्त्व तेच.

पायरी १ : आधी सामान बाहेर काढा. 'फाइल मॅनेजर' उघडा आणि 'पब्लिक एचटीएमएल'मधला प्रत्येक फोल्डर स्वतः पाहा. एक्सेल याद्या, आधारच्या झेरॉक्सचे फोटो, जुन्या बॅकअपच्या झिप फाइली, वेबसाइट बसवताना लागलेला 'इन्स्टॉल' फोल्डर, हे सगळं तिथून हलवा किंवा पुसा. मुलांची यादी वेबसाइटवर असण्याचं कारणच नाही. ती शाळेच्या संगणकावर, एक्सेललाच पासवर्ड लावून ठेवा. सर्व्हरवर ठेवणं भागच असेल, तर 'पब्लिक एचटीएमएल'च्या बाहेर ठेवा. तिथल्या फाइलला ब्राउझरचा पत्ता मिळत नाही.

पायरी २ : यादी दाखवणं बंद करा. सी-पॅनेलमध्ये 'इंडेक्सेस' नावाची सोय आहे. मुख्य फोल्डर निवडा आणि 'नो इंडेक्सिंग' करा.

पायरी ३ : ॲडमिन फोल्डरला सर्व्हरचं कुलूप लावा. सी-पॅनेलमध्ये 'डिरेक्टरी प्रायव्हसी' उघडा, ॲडमिन फोल्डर निवडा, पासवर्डनं सुरक्षित करण्याच्या चौकोनात टिक करा, जतन करा आणि मग नवीन वापरकर्ता व पासवर्ड तयार करा. आता त्या फोल्डरमधली कोणतीही फाइल, मग ती पान असो, एक्सेल असो की फोटो, मागितली की सर्व्हर आधी पासवर्ड विचारतो. गेट आणि खिडकी, दोन्हीवर पहारा बसला. हा पासवर्ड लॉगिनच्या पासवर्डपेक्षा वेगळा ठेवा.

वर्डप्रेस वापरणाऱ्यांसाठी सूचना : 'डब्ल्यूपी-ॲडमिन' फोल्डरला असं कुलूप लावलं तर वेबसाइटवरचे काही फॉर्म किंवा बटणं बंद पडू शकतात. कारण त्यांना लागणारी एक फाइल त्याच फोल्डरमध्ये असते. तेवढ्या फाइलला सूट द्यावी लागते. जमत नसेल तर जाणकाराला सोबत घ्या.

पायरी ४ : पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' आहे ना, ते पाहा. पायरी ३ मधला पासवर्ड ब्राउझर प्रत्येक वेळी सर्व्हरला पाठवतो. जोडणी सुरक्षित नसेल तर तो वाटेत वाचता येतो. यासाठी लागणारं प्रमाणपत्र आता 'लेट्स एन्क्रिप्ट'सारख्या संस्थेकडून मोफत मिळतं. बऱ्याच होस्टिंगमध्ये ते आपोआप बसतं.

पायरी ५ : परवानगीचे आकडे तपासा. प्रत्येक फोल्डरपुढे ७५५ असा तीन अंकी आकडा दिसतो. पहिला अंक मालकासाठी, दुसरा गटासाठी, तिसरा इतरांसाठी. वाचणे ४, लिहिणे २, चालवणे १. म्हणजे ७ = ४ + २ + १, सगळं करता येतं. ५ = ४ + १, वाचता आणि चालवता येतं, बदलता येत नाही. सर्वसाधारणपणे फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ ठेवतात. कुठे ७७७ दिसलं तर लगेच बदला. ७७७ म्हणजे सर्व्हरवरच्या इतरांनाही लिहिण्याची मुभा. एक लक्षात ठेवा, ६४४ मध्येही इतरांना वाचता येतंच. त्यामुळे हे आकडे पायरी ३ च्या कुलपाची जागा घेत नाहीत.

पायरी ६ : चोर होऊन तपासा. दुसऱ्याच्या मोबाइलवर, इन्कॉग्निटो खिडकीत, ॲडमिन फोल्डरमधल्या एखाद्या फोटोचा पूर्ण पत्ता थेट टाका. पासवर्ड विचारला तर पाठ जमला. फोटो उघडला तर पुन्हा पायरी ३. मी हीच एक तपासणी पहिल्या दिवशी केली असती तर तो फोन आला नसता.

चावी कोणाकडे आहे?

कुलूप चांगलं आणि चावी उंबरठ्याखाली, असं आपल्याकडे सर्रास होतं. ॲडमिनचा पासवर्ड व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला असतो. बदली होऊन गेलेल्या सरांकडेही तो असतो. ज्या मुलानं वेबसाइट बनवून दिली त्याच्याकडेही असतो. म्हणून प्रत्येकाला वेगळं खातं द्या. बदली झाली की जसा कार्यभार देतो-घेतो, तसाच वेबसाइटचाही द्या-घ्या आणि त्याच दिवशी जुनं खातं बंद करा. होस्टिंगच्या मुख्य खात्याला मोबाइलवरची दुहेरी तपासणी लावा. पासवर्डमध्ये शाळेचं नाव आणि यू-डायस क्रमांक नको. तो क्रमांक सगळ्यांना माहीत असतो.

"आमची तर वेबसाइटच नाही"

असं म्हणणाऱ्यांनी आपला गूगल ड्राइव्ह उघडून पाहावा. यादी शेअर करताना 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय निवडला असेल, तर तोही उघडा फोल्डरच आहे. ती लिंक एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर जाते आणि वर्षानुवर्षं चालू राहते. काम असेल त्यांचेच ईमेल पत्ते टाका आणि काम झालं की शेअरिंग काढा. आधार क्रमांक नुसता ओळखीसाठी हवा असेल तर शेवटचे चार अंक पुरतात.

माहिती बाहेर गेलीच तर?

आधी फाइल काढा. मग गूगलच्या 'सर्च कन्सोल'मधून ती शोधातून हटवण्याची विनंती करा, कारण फाइल गेली तरी शोधात तिचा मागमूस काही दिवस राहतो. सगळे पासवर्ड बदला. होस्टिंगच्या नोंदींमध्ये ती फाइल कधी-कधी उघडली गेली ते पाहा आणि त्या नोंदी जपून ठेवा. वरिष्ठांना लेखी कळवा. केंद्र सरकारच्या 'सर्ट-इन' संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सरकारी संस्था व कंपन्यांनी अशा घटना सहा तासांत कळवायच्या असतात. बँक खात्याची फसवणूक झाली तर पालकांनी लगेच १९३० वर फोन करावा.

आणि पालकांना सांगा. हे सगळ्यात अवघड आहे. आपली चूक आपल्या तोंडानं सांगायची. पण त्या आईला बहिणीकडून कळण्याऐवजी माझ्याकडून कळलं असतं, तर तिला नंबर बदलायला वेळ तरी मिळाला असता.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक धरला आहे, आणि माहिती सांभाळण्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंड एकवेळ भरता येतो. फुटलेला पत्ता परत घेता येत नाही.

पालकांनो, तुम्ही एवढं विचारा

- माझ्या मुलाची कोणती माहिती शाळेनं ऑनलाइन ठेवली आहे?
- ती कोणाकोणाला उघडता येते?
- काम झाल्यावर ती कधी काढणार?
- आधार क्रमांक पूर्ण हवाच आहे का?

आणि अधूनमधून मुलाचं पूर्ण नाव अवतरणचिन्हांत, सोबत शाळेचं नाव टाकून गूगलवर शोधा. काही सापडलं तर शाळेला सांगा. सांगणाऱ्यावर शाळेनं रागावू नये, ही माझी सहकाऱ्यांना हात जोडून विनंती.

स्वाध्याय

आज शाळा सुटल्यावर वीस मिनिटं काढा. फक्त पायरी १ आणि पायरी ६ करा. बाकीच्या पायऱ्या या आठवड्यात.

ती मुलगी नवव्या दिवशी शाळेत आली. सोबत आई होती. नवा नंबर द्यायला ती तयार नव्हती, आणि मी मागितलाही नाही. दिवाळीनंतर ती स्वतःहून आली. एका चिठ्ठीवर नंबर लिहून आणला होता. म्हणाली, "मॅडम, हा कागदावरच ठेवजा." ती चिठ्ठी मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे. कपाटाच्या चाव्या दोन. एक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे.